ग्लासात आहे तेवढंच लिहायचं : आमची वाटचाल

आम्ही वाईन चाखतो आणि ती कशी आहे ते लिहून देतो, धंदा एवढाच. आयातदार, हॉटेलं आणि काही संग्राहक आमच्याकडे बाटल्या पाठवतात आणि आम्ही चार-पाच ओळींचं वर्णन परत पाठवतो. त्यातलं काही मेन्यूवर छापलं जातं, काही बाटलीच्या मागच्या लेबलावर जातं, काही नुसतं खरेदीच्या फायलीत पडून राहतं. धंदा सांगितला की लोक हमखास म्हणतात, "मजा आहे बुवा तुमची!" मजा आहेच, नाकारत नाही. पण भर सकाळी ओळीने मांडलेल्या ग्लासांतून घोट घ्यायचे, तोंडभर फिरवून थुंकून टाकायचे आणि दुपारी आंबलेल्या दातांनी कॉम्प्युटरसमोर बसायचं, हेही त्याच मजेत येतं.

फर्म काढण्याआधी मी हॉटेलात वाईनची यादी सांभाळायचो. माझी भागीदार खाद्यपदार्थांसाठी स्वाद तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत होती. आमची ओळख एका टेस्टिंगला झाली आणि सूर जुळले ते दोघांच्या एकाच वैतागामुळे. हातातल्या माहितीपत्रकात वाईनला 'राजेशाही', 'गूढ', 'मखमली' असं सगळं म्हटलं होतं, पण ती आंबट आहे का, तोंड कोरडं पाडते का, लाकडी पिंपात राहिली आहे का, याचा पत्ता नव्हता. टेबलावर बसलेला गिऱ्हाईक नेमकं हेच विचारतो, हे मी वर्षानुवर्षं बघत आलो होतो. 'गूढ आहे का हो?' असं मला कधी कुणी विचारलेलं नाही.

तेव्हा पहिल्या दिवसापासून एक नियम घालून घेतला. दुसऱ्या कुणी तीच बाटली उघडली तर आमचा प्रत्येक शब्द त्याला ग्लासाशी ताडून बघता आला पाहिजे. ताडता येत नाही तो शब्द खोडायचा. कल्पना आमची नव्हे. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात अ‍ॅन नोबल यांनी 1984 च्या सुमारास वासांचं चक्र मांडलं, त्यामागे हाच विचार होता. चक्राच्या आतल्या वर्तुळात 'फळ', 'मसाला', 'फूल' असे ढोबळ गट आणि बाहेर सरकत जाल तसे नेमके वास. 'सुरेख', 'उमदी' अशा शब्दांना त्यात जागाच नाही, कारण ते वाईनबद्दल कमी आणि बोलणाऱ्याच्या मनःस्थितीबद्दल जास्त सांगतात.

हे चक्र भिंतीवर टांगून भागत नाही, वास नाकाला ओळखीचे करून द्यावे लागतात. भागीदार प्रयोगशाळेतून आल्याचा इथे मोठा उपयोग झाला. साधी, फारसा वास नसलेली व्हाईट वाईन घ्यायची आणि ग्लासात थोडी थोडी ओतायची. एकीत ढोबळी मिरचीचा नखाएवढा तुकडा टाकून अर्ध्या तासाने काढून घ्यायचा. दुसरीत लिंबाची ताजी साल, तिसरीत एक लवंग, चौथीत लोण्याच्या इसेन्सचा एक थेंब. प्रत्येक ग्लासावर बशी पालथी ठेवायची, खाली चिठ्ठी चिकटवायची आणि ग्लासांची जागा बदलून एकमेकांची परीक्षा घ्यायची. ढोबळी मिरची अगदी सोपी वाटते ना? चिठ्ठी दिसत नसली की भली भली माणसं तिला 'गवत' म्हणतात, 'ओली माती' म्हणतात, आणि बशी उचलून तुकडा दाखवला की कपाळावर हात मारून घेतात. वास ओळखीचा असतो, नाव मात्र जिभेवर येत नाही. आमच्या धंद्यातली निम्मी मेहनत हे अंतर कमी करण्यात जाते. मिरचीचा हा वास कॅबर्ने सोव्हिन्यों आणि सोव्हिन्यों ब्लाँ या दोन्ही द्राक्षजातींच्या वाईनमध्ये पायराझिन गटाच्या संयुगांमुळे येतो. द्राक्ष पिकत जातं, घडावर ऊन पडतं, तसा तो उतरतो. म्हणून वर्णनात 'ढोबळी मिरची' असं वाचलं की जाणत्या खरेदीदाराला द्राक्षं किती पिकली होती याचाही अंदाज येतो.

वासाचं एवढं कौतुक करतो खरं, पण वर्णनाची सुरुवात आम्ही वासाने करत नाही. आधी सांगाडा लिहितो : आम्लता, टॅनिन (द्राक्षाच्या सालीतून येणारा तुरट घटक), अल्कोहोल, गोडवा आणि चव किती वेळ रेंगाळते ते. आम्लता ओळखायची खूण म्हणजे घोट थुंकल्यावर जिभेच्या कडांना किती लाळ सुटते. टॅनिनची खूण नेमकी उलटी, हिरड्या आणि गालांची आतली बाजू खरखरीत होते. दूध न घालता फार वेळ उकळलेल्या चहाने होते तशीच, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं. रेड वाईन सालींसकट आंबवतात, त्यामुळे हा भाग तिच्यात ठळक असतो. व्हाईट वाईनमध्ये बहुधा नुसता रस आंबवतात, म्हणून तिचा सगळा डोलारा आम्लतेवर उभा राहतो. अल्कोहोल जास्त असेल तर घशाशी ऊब जाणवते. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू असा नकाशा कुणी शिकवला असेल तर तो विसरून जा. चवी जिभेवर सगळीकडे कळतात.

थंडाव्याचंही लिहून देतो. रेड वाईन फार गार केली की टॅनिन बोचरं होतं आणि वास मिटतो. व्हाईट कोमट झाली की अल्कोहोल पुढे येतं. आमच्या टेबलावर व्हाईट 10 ते 12 अंशांना आणि रेड 16 ते 18 अंशांना चाखली जाते, आणि तेही 1977 च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बनवलेल्या, तोंडाशी निमुळत्या होत जाणाऱ्या छोट्या ग्लासातून, त्यात फक्त 50 मिलिलिटर ओतून. डौलदार मोठे ग्लास हॉटेलात शोभतात. आज चाखलेली आणि सहा महिन्यांपूर्वी चाखलेली वाईन एकाच मापाने तोलायची तर ग्लासही तोच हवा.

काळे ग्लास मात्र खास मागवून घेतले. त्यामागे बोर्दोमधला, 2001 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. वाईनशास्त्र शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना एक व्हाईट वाईन दिली आणि तीच वाईन बिनवासाचा लाल रंग घालून पुन्हा दिली. लाल दिसणाऱ्या ग्लासासाठी त्यांनी रेड वाईनच्याच शब्दांची रास घातली. या प्रयोगावरून वाईनवाल्यांची टिंगल करणारे पुष्कळ भेटतात. आम्हाला त्यात टिंगलीसारखं काही दिसत नाही. डोळा नाकाला पढवतो, एवढं कळलं की डोळ्याला बाजूला बसवायचं. म्हणून वास आणि चव काळ्या ग्लासातून आधी नोंदवतो आणि रंग शेवटी साध्या ग्लासात, पांढऱ्या कागदावर तिरपा धरून बघतो. रंगही बोलतोच. व्हाईट वयाबरोबर गडद सोनेरी होत जाते, रेड फिकी पडत कडेला विटकरी होते. फिका रंग म्हणजे हलकी वाईन असं मात्र नाही. बारोलो या इटालियन रेड वाईनमधलं नेबियोलो द्राक्ष बघायला फिकं असतं आणि तोंडात गेलं की टॅनिनने दाणकन आदळतं.

दोघांनी चाखल्याशिवाय एकही वर्णन बाहेर जात नाही, हा नियम आला तो मिरीमुळे. शिराझ या रेड वाईनच्या एका ग्लासात मला काळी मिरी लख्ख येत होती आणि जिला नाकाच्या जोरावर नोकरी मिळाली होती ती माझी भागीदार म्हणत होती, "अहो, काहीतरीच काय, मिरी कुठंय यात?" उलगडा ऑस्ट्रेलियातल्या संशोधनाने केला. तिथल्या शास्त्रज्ञांनी 2008 मध्ये या वासामागचं संयुग शोधून काढलं, त्याचं नाव रोटुंडोन. त्यांच्या चाचणीत साधारण पाचात एका माणसाला हा वास भरपूर असूनही आला नाही. भागीदार त्या पाचातली एक. आता शिराझ किंवा ग्रुनर फेल्टलिनर ही ऑस्ट्रियाची व्हाईट आली की त्या ओळीपुरता माझा शब्द चालतो. बुचाच्या बुरशीच्या बाबतीत उलट, तिथे तिचं नाक माझ्या कितीतरी पुढे आहे.

बुचाच्या बुरशीवरून आठवलं. बुचातून उतरणाऱ्या टीसीए नावाच्या संयुगामुळे वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा, दमट तळघराचा वास लागतो. एका लिटरमध्ये ग्रॅमचे काही अब्जांश असले तरी नाकाला कळतो. खरी पंचाईत त्याहूनही कमी असेल तेव्हा होते. पुठ्ठ्याचा वास येत नाही, नुसती फळं मिटून जातात आणि वाईन मरगळलेली लागते. बाटली सदोष आहे असं कुणालाच वाटत नाही, वाईनच सुमार आहे असं वाटतं. एका आयातदाराने आमच्या 'फळ क्षीण' या शेऱ्यावरून बरंच सुनावलं होतं. आम्ही त्याच्याच साठ्यातली दुसरी बाटली मागवली, दोन्ही शेजारी शेजारी ओतल्या आणि त्यालाच चाखायला लावलं. पुढे काही बोलावं लागलं नाही. तेव्हापासून प्रत्येक वाईनच्या दोन बाटल्या पाठवा, असं आम्ही करारातच घातलंय. काही ग्राहकांना हा नसता खर्च वाटतो. वाटू दे.

गुण न देण्याच्या निर्णयापायी जास्त ग्राहक गेले. शंभरपैकी ब्याण्णव, त्र्याण्णव असा आकडा दिला की विक्री सोपी होते, हे मान्य. पण कॅलिफोर्नियाच्या राज्य मेळ्यातल्या स्पर्धेत स्वतः वाईन बनवणाऱ्या रॉबर्ट हॉजसन यांनी परीक्षकांपुढे तीच वाईन त्यांना न सांगता पुन्हा पुन्हा ठेवली, तेव्हा दर वेळी एकाच पदकाच्या पट्ट्यात गुण देणारे दहातून एकच निघाले. निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. अनुभवी परीक्षकांची ही गत, तर आमच्या आकड्याला कोण विचारतो! तीच माणसं आम्लता जास्त की कमी, ओकच्या पिंपाचा वास आहे की नाही, हे मात्र बरंचसं सातत्याने सांगू शकतात, असा आमचा अनुभव आहे. 24 मे 1976 च्या पॅरिसच्या त्या प्रसिद्ध टेस्टिंगमध्ये फ्रेंच परीक्षकांनी लेबल न बघता कॅलिफोर्नियाच्या वाईन दोन्ही गटांत पहिल्या आणल्या, व्हाईटमध्ये शॅतो मॉन्टेलिना आणि रेडमध्ये स्टॅग्ज लीप. सगळे तेव्हापासून कोण जिंकलं तेवढंच सांगत आले. मला त्यातली मोलाची गोष्ट झाकलेल्या बाटल्या वाटते.

उंची वाईनचं वर्णन हे वेगळंच प्रकरण. तिथे वासांची यादी लांबवायचा मोह होतो आणि नवशिके लांबवतातही. यादी लांब झाली की वाईन मोठी होत नाही. आम्ही बघतो ते हे, की आम्लता, टॅनिन आणि अल्कोहोल यांपैकी कुणी एकटंच पुढे घुसतंय का, वास ग्लासात वेळ जाईल तसे बदलतात का, आणि थुंकल्यावर चव किती सेकंद टिकते. साधी वाईन पाच-सहा सेकंदांत नाहीशी होते. फ्रान्सच्या बर्गंडी भागातली उत्तम वाईन तोंडात रेंगाळत राहते आणि रेंगाळताना चांगलीच लागते, हे शेवटचं महत्त्वाचं, कारण कडवटपणाही रेंगाळतोच. ओकचं वेगळं लिहितो. व्हॅनिला आणि खोबऱ्याचा वास पिंपाच्या लाकडाचा, लोण्याचा वास बहुतेक वेळा मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल होताना तयार झालेल्या डायअ‍ॅसिटिलचा. एकाच शार्डने या व्हाईट वाईनमध्ये दोन्ही असू शकतात आणि फ्रान्समधल्या शाब्लीच्या कित्येक शार्डनेंत दोन्ही नसतात.

शब्दांवरून भांडणं होतातच. मुरलेल्या रीसलिंग या व्हाईट वाईनला पेट्रोल-रॉकेलसारखा वास असतो, टीडीएन या संयुगाचा, आणि जाणकार त्याच्यासाठी जीव टाकतात. हॉटेलच्या एका मालकिणीने फोन करून विचारलं, "दादा, माझ्या मेन्यूवर पेट्रोल लिहिणार तुम्ही?" शेवटी तडजोड निघाली. मेन्यूवर लिंबू, मध आणि 'मुरलेल्या रीसलिंगचा खास वास', आणि वाढणाऱ्यांच्या चिठ्ठीवर सरळ पेट्रोल. 'मिनरल' या शब्दावर मात्र तडजोड नाही. जमिनीतली खनिजं वाईनमध्ये अत्यल्प उतरतात आणि त्यांना वासही नसतो. लोक त्या शब्दाने कधी तीव्र आम्लता सांगतात, कधी काडी ओढल्यावर येतो तसा गंधकाचा वास. यांतलं जे असेल ते लिहावं.

अलीकडे लिहिण्यापेक्षा शिकवण्याचं काम वाढलंय. हॉटेलं वाढणाऱ्या मुलामुलींना आमच्याकडे पाठवतात. त्यांना ऐटबाज शब्द नको असतात, गिऱ्हाईकाने "ही हलकी आहे का?" विचारल्यावर काय उत्तर द्यायचं ते हवं असतं. आम्ही त्यांना दोन-दोन ग्लास देतो, जास्त आम्लता आणि कमी आम्लता, ओक आणि बिनओक, तरुण आणि मुरलेली, आणि प्रत्येक जोडीबद्दल एकच वाक्य बोलायला लावतो. तीन वाक्यं बोललं की थांबवतो. दोन-चार बैठकांनंतर ती पोरं आमच्याच जुन्या वर्णनांवर लाल पेनाने खुणा करायला लागतात. त्यातल्या काही खुणा बरोबर असतात आणि त्या दुरुस्त्या आम्ही करून टाकतो.

नवीन तुकडी लवकरच बसेल. येणाऱ्यांनी वही-पेन आणावं, अत्तर किंवा परफ्यूम लावू नये आणि निदान तासभर आधी कॉफी टाळावी. थुंकायची भांडी आमची.