हात लागतो तिथेच रंग झिजतो

हे टेबल मला जुन्या सामानाच्या दुकानात दिसलं तेव्हा त्याच्यावर एक मोडका पंखा आणि रद्दीचे गठ्ठे ठेवलेले होते, म्हणजे ते विकायला मांडलेलंच नव्हतं, बाकीचा माल ठेवायला म्हणून कोपऱ्यात उभं होतं. वर चकचकीत तपकिरी ऑइलपेंट, तोही दोन-तीन थरांचा, एका खणाची मूठ गायब आणि वरच्या फळीवर कपाचे गोल गोल डाग. पण मी वरचा खण ओढला, उलटा करून बघितला आणि कोपऱ्यातला सांधा दिसला, डोव्हटेलचा, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या दातांचा, एक दात जाड, एक बारीक, मधे सुताराने आखलेली रेघ अजून तशीच. मशीनवर कापलेले दात सगळे एकसारखे येतात, हे हाताने कापलेले होते. तिथेच ठरलं की हे घरी न्यायचं.

बऱ्याच जणी विचारतात की जुन्या वस्तू निवडतेस कशा, तर रंगाकडे मी शेवटी बघते. रंग बदलायचाच असतो ना. आधी वस्तू दोन्ही हातांनी धरून हलवायची. सैल सांधा असेल तर काही हरकत नाही, जुना सरस खरवडून नवीन ग्लू भरून क्लॅम्प लावला की वर्षानुवर्षं हलत नाही, पण पायच चिरलेला असेल तर मी सोडून देते. मग खाली वाकून टॉर्च मारायचा. लाकडात दीड-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली आणि खाली ताजा पिवळसर भुसा पडलेला असला तर आत किडा अजून जिवंत आहे असं समजा, अशी वस्तू घरातल्या बाकीच्या लाकडाजवळ आणायचीच नाही. पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, पाण्याने फुगला की त्याला काही करता येत नाही. आणि वास घ्या, खरंच खण उघडून नाक आत घाला, ओलीचा कुबट वास रंगाने जात नाही, तो आत कोंडला जातो आणि पुढे प्रत्येक वेळी खण उघडला की भेटतो.

एक मात्र मनापासून सांगते, सगळंच रंगवू नका. चांगलं घट्ट लाकूड, त्याच्यावर जुनं पॉलिश अजून छान असेल तर ते धुऊन पुसून मेण लावून तसंच ठेवा. आधीच कोणीतरी रंग फासून ठेवलेला आहे, फळीचा तुकडा बदलून वेगळ्या लाकडाचा बसवलाय, डाग खोल गेलेत, अशा वस्तूंनाच पांढरा रंग शोभतो.

फिका, झिजल्यासारखा दिसणारा रंग देण्याच्या या स्टाइलला शॅबी शिक हे नाव रेचल ॲशवेलमुळे सगळीकडे पोचलं, १९८९ मध्ये तिने कॅलिफोर्नियात सांता मोनिकाला त्याच नावाचं दुकान काढलं. पण फिका रंग लावलेलं फर्निचर त्याच्या कितीतरी आधीचं आहे. स्वीडनमध्ये तिसऱ्या गुस्ताव राजाच्या काळात, म्हणजे १७७१ ते १७९२, राखाडी-पांढऱ्या, फिक्या निळ्या रंगाच्या खुर्च्या-कपाटांची पद्धत रुजली, तिला अजूनही गुस्ताव्हियन म्हणतात. तिकडे हिवाळ्यात उजेड कमी, तर फिका रंग असेल तेवढा उजेड खोलीत परत फेकतो. त्या जुन्या खुर्च्यांचे फोटो मी झूम करून करून बघते. रंग कुठे गेलाय? हाताच्या दांडीच्या टोकाला, पुढच्या कडेला, पायांच्या खालच्या बाजूला. पाठीच्या मधोमध नाही गेलेला, कारण तिथे कोणाचा हात लागतच नाही.

आणि हीच गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नवीन रंग देऊन मग सँडपेपर घेऊन वाट्टेल तिथे खरवडलेल्या वस्तू बघितल्या की वाईट वाटतं, दाराच्या मधोमध एक ओरखडा, चारही कडा एकसारख्या घासलेल्या, असं कुठलीच वस्तू वापरून होत नाही. घरातल्या रोजच्या दाराकडे बघा, कडीच्या आजूबाजूला बोटांनी लाकूड उघडं पडलेलं असतं, खाली पाय लागतो तिथे पोपडे निघालेले असतात, वरचा भाग जवळजवळ नवा असतो. वस्तू स्वतःच सांगते कुठे घासायचं ते.

असो, टेबलाकडे येते. आधी साबणाच्या पाण्याने, मग डीग्रीझरने धुतलं, कारण वर्षानुवर्षं साचलेलं तेल आणि मेणचट थर असेल तर कुठलाच रंग धरत नाही. जुना रंग घासताना जपा, जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं (अमेरिकेत घरगुती रंगात शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, त्यावरून अंदाज घ्या की किती उशिरापर्यंत ते वापरात होतं). टेस्ट किट मिळतं, त्याने तपासा, आणि शंका असेल तर कोरडं घासायचं नाही, पाणी मारून वेट सँडिंग करायचं, बारीक धूळ अडवणारा चांगला मास्क लावायचा, लहान मुलं आणि बाळंतीण आसपास नको. मी आधी १२० नंबरच्या सँडपेपरने आणि मग त्याहून बारीक २२० ने घासलं, लाकूड लालसर निघालं, आणि मला तिथेच कळायला हवं होतं.

दोन हात पांढरे दिले, संध्याकाळी सुंदर दिसत होतं, सकाळी बघते तर जागोजागी गुलाबी-तपकिरी डाग. वाटलं ब्रश खराब होता, तिसरा हात दिला, दुसऱ्या दिवशी परत तेच. हे टॅनिन असतं, म्हणजे लाकडातलंच डाग सोडणारं द्रव्य, महोगनी, ओक अशा लाकडांत खूप असतं, आणि पाण्यात मिसळणारा रंग त्याला वर ओढून आणतो, म्हणून कितीही हात दिले तरी डाग येतच राहतात. माझा उपाय, शेलॅक. म्हणजे आपली लाखच, किड्यापासून मिळणारी, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. दोन पातळ हात दिले, दोघांच्या मधे नीट वाळू दिलं, आणि वर रंग दिला त्यावर आजतागायत एकही डाग आलेला नाही. लाकूड लालसर असेल तर आता मी आधीच शेलॅक मारते.

रंग मी चॉक पेंट वापरते. ॲनी स्लोनने १९९० मध्ये तो काढला, फर्निचरला कमी तयारीत धरतो आणि अगदी मॅट, खडूसारखा दिसतो. घरी करायचा तर तीन भाग मॅट इमल्शनला (भिंतीला लावतात तो पाण्यात मिसळणारा रंग) एक भाग प्लास्टर ऑफ पॅरिस, ते आधी थोड्या पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवायचं. थोडं थोडंच करा, लवकर घट्ट होतं.

खाली राखाडी-निळा हात दिला, तो वाळल्यावर साधी मेणबत्ती घेऊन मुठींच्या भोवती, फळीच्या पुढच्या कडेला, खणाच्या ओठांवर, पायांच्या तळाशी फिरवली आणि मग वर ऑफ-व्हाइट. मेण असतं तिथे वरचा रंग धरत नाही, नंतर सँडपेपर नुसता टेकवला तरी निघून येतो आणि खालचा निळा डोकावतो. शेवटी क्लिअर वॅक्स, म्हणजे बिनरंगाचं मेण, अगदी पातळ, कापडाने चोळून. पूर्ण कडक व्हायला महिनाभर धरा, तोवर वर गरम काही ठेवायचं नाही. आणि पांढऱ्यावर ऑइलबेस्ड वार्निश अजिबात नको, काही दिवसांनी पिवळं पडतं. खणांच्या आत मी रंग दिला नाही, जवसाचं तेल चोळलं. ते तेलाचे बोळे कधीही गोळा करून टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात, पसरून बाहेर वाळवायचे.

सगळं झालं आणि खण परत घालायला गेले तर वरचा जाईना. अर्ध्यावर अडकला. मला वाटलं रंगाचा थर जाड झाला, घासायला घेणार होते, तेवढ्यात खण उलटा केला तर मागच्या फळीवर पेन्सिलने २ लिहिलेलं. दुसऱ्यावर १. सुताराने प्रत्येक खण त्याच्याच जागेसाठी रंधून बसवलेला, आणि मी अदलाबदल केली होती. घसरपट्टीवर उरलेली मेणबत्ती फिरवली, १ वर, २ खाली, आणि दोन्ही खण एका बोटाने आत गेले.