सिनमन रोल दुसऱ्या दिवशीही मऊ राहावेत म्हणून

घरचे सिनमन रोल, म्हणजे दालचिनीचं सारण गुंडाळून भाजलेले गोड पाव, गरम असताना छान लागतात आणि संध्याकाळपर्यंत टोस्ट होतात, ही नेहमीची तक्रार. मग पुढच्या वेळी बटर वाढवलं जातं, पण उपयोग होत नाही. रोल कडक होतात ते पाणी कमी पडल्यामुळे, आणि ते दोन ठिकाणी जातं. पीठ हाताला चिकटतं म्हणून मळताना मूठ-मूठ मैदा टाकला जातो, आणि वरून रंग येत नाही म्हणून ट्रे ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटं जास्त राहतो. या दोन सवयी सुटल्या की बाकीची कृती सोपी आहे.

आधी वजनकाटा काढा. एक कप मैदा चाळून हलक्या हाताने भरला तर साधारण 120 ग्रॅम होतो, डब्यात कप खुपसून काढला तर 150. चार कपांच्या कृतीत हा फरक 120 ग्रॅमचा, म्हणजे अख्खा एक कप! कपाच्या मापाने आज जमलेली कृती उद्या फसते ती यामुळेच.

23 सेंटीमीटरच्या चौकोनी टिनमध्ये नऊ रोल बसतात आणि हा टिन घरगुती ओटीजीत, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, मावतो. त्यासाठी एकूण 400 ग्रॅम मैदा लागेल. त्यातला 20 ग्रॅम बाजूला काढून 100 मिली गार दुधात गुठळ्या मोडून मिसळा आणि मंद आचेवर सतत ढवळा. दोन-तीन मिनिटांत मिश्रण खिरीसारखं दाटेल आणि चमच्यामागे भांड्याचा तळ दिसायला लागेल, तेव्हा उतरवा. याला तांगझाँग म्हणतात. साधारण 65 अंशांना मैद्यातला स्टार्च फुगतो आणि कच्च्या पिठापेक्षा कितीतरी जास्त पाणी धरून ठेवतो. ते पाणी भाजतानाही सहज सुटत नाही, म्हणून रोल दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. आपल्याकडच्या साध्या मैद्यातलं ग्लूटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं प्रथिन, तसं बेताचंच असतं. नुसतं दूध वाढवलं तर पीठ पसरतं, पण तांगझाँगमधून दिलेलं पाणी ते पेलतं.

तांगझाँग पूर्ण गार होऊ द्या. त्यात 380 ग्रॅम मैदा, 120 मिली दूध, एक अंडं, 55 ग्रॅम साखर, 6 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि 6 ग्रॅम मीठ घाला. अंडं नको असेल तर 50 ग्रॅम घोटलेलं ताजं दही चालतं. रोल किंचित कमी फुगतात, मऊपणात फरक पडत नाही. दुधातलं 20 मिली मागे ठेवा आणि पीठ पाहूनच घाला, कारण पावसाळ्यातला सर्द मैदा कमी दूध पितो. थंडीत दूध बोटाला जेमतेम कोमट लागेल इतपत गरम करा, 35 ते 38 अंश. मे महिन्यात सरळ फ्रिजमधलं घ्या, मळताना पीठ तसंही तापतं. इन्स्टंट यीस्ट थेट मैद्यात मिसळता येतं. जाड दाण्याचं अ‍ॅक्टिव्ह ड्राय यीस्ट मात्र कोमट दुधात चिमूटभर साखर घालून दहा मिनिटं ठेवा. फेस आला नाही तर ते मेलेलं आहे, पुढे जाऊ नका.

बटर, 60 ग्रॅम, सगळ्यात शेवटी. आधी पाच-सात मिनिटं मळून ग्लूटेन धरू द्यायचं, मग मऊ बटर तीन-चार वेळा थोडं थोडं घालायचं. सुरुवातीलाच घातलं तर मैद्याच्या कणांवर चरबीचा थर बसतो आणि पीठ ताणायला फार वेळ लागतो. बटर खारं असेल तर मीठ 4 ग्रॅमच घ्या.

बटर पडल्यावर पाच मिनिटं सगळं राडा झाल्यासारखं दिसेल. इथेच लोक मैद्याच्या डब्याकडे वळतात. वळू नका! पुरणपोळीची कणीक जशी सैल ठेवून तिंबतात, तसंच हे पीठ ओट्यावर आपटून, ओढून, दुमडून हाताने 12 ते 15 मिनिटं तिंबायचं. लहान गोळा बोटांवर ताणला आणि न फाटता आरपार उजेड दिसेल असा पातळ पडदा झाला, की झालं. पीठ बोटाला किंचित चिकटलेलंच बरं.

झाकून दुप्पट होऊ द्या. 28 अंशांच्या खोलीत तासभर, नागपूरच्या उन्हाळ्यात पाऊण तासही पुष्कळ. घड्याळाऐवजी सरळ भिंतीच्या डब्यात ठेवून बाहेरून खूण करा. फार फुगलेल्या पिठाला आंबूस वास येतो आणि लाटताना ते फाटतं.

आता सारण. बाजारात दालचिनी म्हणून मिळणारी जाड, कडक साल बहुतेकदा कॅसिया, म्हणजे दालचिनीच्या जवळच्या दुसऱ्या झाडाची, असते. खरी दालचिनी पातळ कागदाच्या अनेक घड्यांसारखी दिसते आणि बोटांनी मोडते. कोकणातही तिची लागवड होते, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही जात त्यातलीच. तिचा वास नाजूक, गोडसर. सिनमन रोलची ओळखीची झणझणीत चव मात्र कॅसियाची आहे, त्यामुळे जाड साल मिळाली म्हणून हिरमुसू नका. दोन्ही अर्ध्या-अर्ध्या घेतल्या तर उत्तमच. चमचाभर साखरेसोबत दळून बारीक चाळणीने चाळा, नाहीतर दाताखाली लाकूड येतं. दालचिनी पिठात मात्र मिसळू नका, ती यीस्टला मंदावते.

60 ग्रॅम मऊ बटर, 110 ग्रॅम ब्राऊन शुगर, 12 ग्रॅम दालचिनी पूड, चिमूटभर मीठ आणि एक चमचा मैदा फेसून मलमासारखं करा. वितळलेलं बटर लावून वर साखर भुरभुरण्याची पद्धत सोपी दिसते, पण ते तळाशी ओघळतं, तिथे साखर जळते आणि गुंडाळीत पोकळ्या राहतात. चमचाभर मैदा हे ओघळणं आवरतो. गूळ पावडर वापरायची तर मैदा दोन चमचे करा, गूळ लवकर पातळ होतो.

पीठ 40 बाय 36 सेंटीमीटर, अर्धा सेंटीमीटर जाड लाटा. पुन्हा पुन्हा आकसत असेल तर दहा मिनिटं झाकून ठेवा, जोर लावू नका. एका 36 सेंटीमीटरच्या कडेला दोन सेंटीमीटर पट्टी कोरडी सोडून बाकी सगळीकडे सारण पसरा आणि समोरच्या कडेपासून गुंडाळत त्या पट्टीवर बंद करा. गुंडाळी फार आवळली तर भाजताना मधला भाग शंकूसारखा वर येतो. चार-चार सेंटीमीटरचे नऊ तुकडे पाडा, तेही दोऱ्याने: दोरा खालून घालून वर फुली मारायची आणि ओढायचा. सुरीने गुंडाळी चेपते. शेपट्या खाली दाबून, मध्ये दोन बोटं अंतर ठेवून टिनमध्ये मांडा.

सकाळी गरम रोल हवे असतील तर याच टप्प्यावर टिन झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि भाजण्याआधी तास-दीड तास बाहेर काढा. लगेच भाजायचे तर 35 ते 45 मिनिटं फुगू द्या. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा हळूहळू, अर्धवट भरून आला की तयार. झटकन भरला तर अजून थांबा.

ओटीजी आधी पंधरा मिनिटं तापवा. 180 अंश, दोन्ही कॉइल, मधली जाळी, 22 ते 25 मिनिटं. खालची कॉइल तिखट असेल तर खालच्या कप्प्यात एक रिकामा ट्रे सरकवा. आतलं तापमान 88 ते 90 अंश झालं की बाहेर. थर्मामीटर नसेल तर मधल्या रोलचा आतला वेढा काट्याने उचलून पाहा, कच्च्या पिठाची तार निघू नये. रंग गडद तपकिरी होईपर्यंत थांबलात की सगळं तांगझाँग वाया. फिकट सोनेरी पुरे, वर ग्लेझ, म्हणजे साखरेचा लेप, येणारच आहे.

ग्लेझसाठी 120 ग्रॅम आयसिंग शुगर, 15 ग्रॅम वितळलेलं बटर, अर्धा चमचा व्हॅनिला, चिमूटभर मीठ आणि 15 ते 20 मिली दूध. दूध चमच्याचमच्याने घाला; पाच मिली जास्त झालं तरी ते पाण्यासारखं पळतं. टिन बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी ओता. कढत रोलवर ते सगळं तळाशी जातं, गार रोलवर वरच्यावर पापुद्रा होऊन बसतं. आंबटसर हवं असेल तर महागड्या क्रीम चीजऐवजी श्रीखंडाला लागतो तसा घट्ट बांधलेला चक्का, 80 ग्रॅम, आणि तेवढीच आयसिंग शुगर घ्या. साखर पडताच चक्का सैल होतो, म्हणून दूध अजिबात नको आणि हे ग्लेझ रोल गार झाल्यावर, वाढतानाच लावायचं.

उरलेले रोल फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे ब्रेड सगळ्यात लवकर शिळा होतो. हवाबंद डब्यात बाहेर दोन दिवस, मुंबईच्या पावसाळ्यात एकच. त्याहून जास्त टिकवायचे तर ग्लेझ न लावता फ्रीझरमध्ये. खाताना बाहेर काढून नेहमीच्या तापमानाला येऊ द्या, वर पाण्याचा हलका हबका मारा आणि मायक्रोवेव्हमध्ये 15 ते 20 सेकंद, त्याहून जास्त नाही.