वीसपट उतार

आबांचा प्रश्न आला तेव्हा मी पडद्यामागे बांबूची सुतळी आवळत होतो. तोंड दिसलं नाही, आवाज तेवढा ऐकला. "मॅडम, एवढा उतार आहे तं आमच्या येहेरीचं पानी सारं खाले पयून जाते ना? मंग ते जायच्या आंधी आपनच काबरं नही काढून घ्याव?"

समोर दीडेकशे माणूस बसलेलं. दोन-चार जण हसले, बाकीच्यांनी माना हलवल्या. उपसा कमी करा, नाल्यांचं पाणी डोंगराच्या पायथ्याशी जिरवा, हे सांगायला आम्ही यावल तालुक्यातल्या त्या गावात गेलो होतो. गाव नेमकं उलटं शिकत होतं, आणि ते शिकवणारा चित्रातला उतार माझ्या हातचा होता.

मी बोर्ड पेंटर, भुसावळचा. फ्लेक्स आल्यापासून माझ्याकडे दोनच कामं उरली: ट्रकच्या मागच्या पाट्या आणि शाळेच्या भिंती. त्यामुळे पुण्याकडच्या एका विद्यापीठात भूजलावर पीएचडी करणारी, मूळची आमच्याच भागातली एक मुलगी दुकानात आली आणि "काका, तीस फूट लांब पडदा हाताने रंगवून द्याल का?" म्हणाली, तेव्हा पैसे विचारायच्या आधीच मी हो म्हणून बसलो. ती मला काका म्हणते, मी तिला मॅडम म्हणतो. दोघांनाही ते बदलायचं सुचलं नाही.

पडद्यावर काढायचं होतं जमिनीचं पोट. डावीकडे सातपुडा, उजवीकडे तापी, मधे वीस किलोमीटरचं रान उभं कापल्यासारखं. डोंगराच्या पायथ्याला जमीन कधीकाळी खचली आणि त्या खळग्यात गाळ भरत गेला. म्हणून आमच्याकडे शंभर-दीडशे मीटर खाली गेलं तरी काळा खडक लागत नाही, नुसती माती, रेती, गोटे, पुन्हा माती. अगदी पायथ्याला मोठ्या गोट्यांचा पट्टा आहे. पावसाळ्यात नाला तिथे येतो आणि बघता बघता गडप होतो. खालच्या विहिरींना पाणी मिळतं ते तिथून. मॅडम त्याला बजाडा म्हणतात. लहानपणी आम्ही त्याच गोट्यांतून चिंचा वेचायला जायचो, पण हे कुणी सांगितलं नव्हतं.

मांजरपाटाचे तीन पट्टे उभे शिवून घेतले. खळ पातळ दिली, कारण जाड दिली की गुंडाळताना तडे जातात आणि दुसऱ्या गावात पडदा उघडेपर्यंत तापी कोरडी पडते. नीळ लावलेली सुतळी ताणून टणकन सोडायची, फूट-फुटाचे चौकोन पाडायचे. नव्या पोरांना हे येत नाही, त्यांना प्रोजेक्टर लागतो. रंगाचं मात्र मॅडमनीच सुचवलं. बोअरच्या वेळी निघालेल्या मातीच्या पिशव्या तिच्याकडे होत्या, प्रत्येकीवर खोली लिहिलेली. मी ती माती खलात कुटली, मलमलीतून चाळली आणि फेविकॉलच्या पाण्यात कालवून त्याच खोलीवर लावली. चाळीस मीटरची पिवळी माती म्हणजे खरोखर चाळीस मीटरवरची. आयुष्यात शेकडो बोर्ड केले, पण असं काम झालं नव्हतं. पिवडीने तो रंग येतच नाही.

भांडण झालं मापावरून. तीस फुटांत वीस किलोमीटर बसवायचे, तर किलोमीटरला दीड फूट. त्याच मापाने दोनशे मीटर खोली किती? साडेतीन इंच! साडेतीन इंचांत माती, रेती, विहिरी, बोअर सगळं कोंबायचं आणि ते शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला दिसायचं. मॅडम म्हणाल्या, आमच्यात अशा वेळी उभं माप वाढवतात, आपण वीसपट करू. साडेतीन इंचांचे सहा फूट झाले. पण पायथ्यापासून तापीपर्यंत जमीन शंभरेक मीटर उतरते, तेही वीसपट झालं, म्हणजे तीस फुटांत तीन फूट. लेकराने बसावं आणि सर्रकन तापीत जावं. डोंगर तर त्या मापाने पडद्यात मावेना. त्याचा नुसता पाय काढून वरचा भाग कापला.

केळीचं वेगळंच. मी फूट-फूट उंचीचे बाग काढले होते. त्या म्हणाल्या, काका, या मापात केळ पाऊण इंचाची येते. मी म्हटलं, मॅडम, पाऊण इंचाची केळ काढली तर यावलचे लोक मला रावेरपर्यंत पळवतील. केळी राहिली. "उभे माप वीसपट" एवढं कोपऱ्यात लिहायचं ठरलं. मी लिहिलं, वळणदार लिहिलं. कोण वाचतो कोपरा?

पैशांचं एकदा सांगून टाकतो. प्रकल्पाच्या नियमात तीन कोटेशनं लागतात. हाताने पडदा रंगवणारा आसपास मी एकटा, म्हणून दोन कोटेशनं फ्लेक्सवाल्यांची जोडली. ज्यांनी माझा धंदा खाल्ला त्यांच्याशी माझी स्पर्धा! पैसे पाच महिन्यांनी आले.

कार्यक्रम एप्रिलमधला, म्हणून ऊन उतरल्यावर, रात्री आठला, मराठी शाळेच्या मैदानात. मॅडमनी वही, म्हणजे आमच्या खान्देशातली लोकगाणी, गाणारे एक बुवा आणले होते, डफ घेऊन. माणूस तोलामोलाचा, पण अमळनेरकडचा, अहिराणी. आमच्या बाजूला लेवा बोली. बुवांनी "आहे"ला "शे" म्हटलं की पुढची पोरं खिदळायची. पुण्यात बसून बघितलं की खान्देश सगळा एकच दिसतो. तरी बुवांनी सांभाळलं. काठी फिरवत ते पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, पाण्याबरोबर चालल्यासारखे, आणि उतारावर पावलं मुद्दाम भरभर टाकली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मग आबांचा प्रश्न.

मॅडम घाबरल्या नाहीत. "आबा, चित्रात उतार वीसपट मोठा काढलाय. खरं पाणी मातीतून झिरपत जातं, दिवसाला कुठे वीतभर, कुठे हातभर. हातभर धरलं तरी इथून तापी गाठायला शंभराच्या वर वर्षं लागतील." उत्तर चोख होतं. आबा पडद्याकडे बघत राहिले. मागून कुणीतरी विचारलं, "मंग वीसपट खोटं काढलं काबरं?" आणि मॅडमनी माझ्याकडे बघितलं. चित्र माझं ना!

मी म्हटलं, "खरं काढलं असतं तर दिसलं नसतं भाऊ."

लोक उठले. केळीचं कौतुक झालं. बोअरची गाडी असलेला एक जण मातीच्या थरांवरून बोट फिरवत म्हणाला, चाळीसवर हीच माती लागते, बरोबर आहे. मी तेवढ्यावर खूश व्हायला हवं होतं. पण आबा त्याच्याशीच बोलत बाहेर पडले, आणि मला दोनच शब्द ऐकू आले: "दोनशे फूट".

यावल-रावेर हे सरकारी अहवालांत अतिशोषित, म्हणजे जिरतं त्याहून जास्त पाणी उपसणारे, म्हणून नोंदले गेलेले तालुके. तिथे आम्ही एक बोअर वाढवून आलो असू, तर?

परत येताना जीपमध्ये मॅडम गप्प होत्या. सावद्याजवळ चहाला थांबलो तेव्हा म्हणाल्या, "काका, कॉन्फरन्समध्ये हेच चित्र चार वेळा दाखवलंय. एकानेही हा प्रश्न विचारला नाही." मी म्हटलं, त्यांची विहीर नाही ना त्यात.

दुसऱ्या आठवड्यात मी न विचारताच पडद्याच्या खालच्या कडेला एक पट्टी रंगवली. तीस फूट लांब आणि साडेतीन इंच रुंद, खऱ्या मापाची, त्याच मातीने. साडीच्या काठासारखी दिसते. ओळी मारायला रेषेचा ब्रश पुरेना, शेवटी काडीने मारल्या. खऱ्या मापाने बोअर काढायला गेलो तर केसाएवढी होते, म्हणून नुसते ठिपके दिले. मॅडमनी बघितलं, गुडघ्यावर बसून बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, मोठ्या चित्रातला उतार दहापट करू या. मी हिशेब मांडून दाखवला: पाच मीटरचा पिवळ्या मातीचा थर आता पावणेदोन इंच आहे, दहापटीत इंचभरही राहत नाही, आणि पाणी कुठे अडतं ते दाखवायला तोच थर लागतो.

त्यावर अजून ठरलेलं नाही. पुढचा कार्यक्रम चोपड्याकडे, दिवाळीनंतर. पडदा माळ्यावर गुंडाळून ठेवलाय, नॅप्थलीनच्या गोळ्या घालून. रविवारी त्या येणार आहेत. बुवांना निरोप धाडलाय की उतारावर हळू चाला.