खडूच्या टेकडीवरची द्राक्षबाग

गेल्या शनिवारी लंडनजवळच्या डॉर्किंगला जाऊन आले, डेन्बीज नावाच्या वाइन इस्टेटवर. बागेची टूर आणि शेवटी स्पार्कलिंग म्हणजे फेसाळत्या वाइनचं टेस्टिंग, असं तिकीट ऑफिसमधल्या मैत्रिणीने वाढदिवसाला दिलं होतं. मी निफाड तालुक्यातली, घरी चार एकर थॉमसन जातीची द्राक्षं आहेत, त्यामुळे इंग्लंडमध्ये द्राक्षबागा आहेत हे ऐकल्यापासून एकदा बघायचंच होतं पण पाच वर्षं राहूनच जात होतं. आणि खरं सांगायचं तर विश्वासही बसत नव्हता. इंग्लंड म्हणजे पाऊस आणि पाऊस म्हणजे डाऊनी, वेलीवरचा बुरशीचा रोग, आमच्याकडे तर बागेवर ढग आला तरी घरात कुणी नीट जेवत नाही.

विम्बल्डनहून ट्रेनने पाऊण तासाच्या आत डॉर्किंग येतं, तिथून चालत पंधरा-वीस मिनिटं. समोर बॉक्स हिल आणि अलीकडच्या उतारावर वेलींच्या सरळ ओळी, वरच्या झाडीपर्यंत. २६५ एकर द्राक्ष एका मालकाची! ट्रॅक्टरला डबे जोडलेली छोटी गाडी आहे, तिच्यात बसवून वरपर्यंत नेतात. वर गेल्यावर बाकी सगळे दरीचे फोटो काढत होते आणि मी खाली बसून माती बघत होते.

माती म्हणावी की नाही असा प्रश्न पडला, कारण वरचा थर सोडला की खाली पांढरा खडू आहे. शाळेत फळ्यावर लिहायचो तसाच, बोटाला पांढरं लागतं, मधूनमधून गारगोटीचे तुकडे. हा खडूचा पट्टा इथून समुद्राखालून थेट फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांतापर्यंत जातो. पाणी धरूनही ठेवतो आणि जास्तीचं खाली सोडूनही देतो, म्हणून एवढ्या पावसात मुळं सडत नाहीत. या इस्टेटची गोष्टही तिथूनच सुरू होते. १९८४ मध्ये एड्रियन व्हाइट यांनी ही जमीन घेतली तेव्हा इथे द्राक्ष नव्हतीच, आणि शेजारीच राहणाऱ्या रिचर्ड सेली नावाच्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांनी सुचवलं की ही जमीन आणि हा उतार शॅम्पेनसारखा आहे, द्राक्ष लावून बघा. १९८६ ला पहिली लागवड झाली. शेजाऱ्याने दिलेला सल्ला एवढा लागू पडलेला मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

वेली बघून मात्र आधी वाईट वाटलं. आमचा मांडव कसा डोक्यावर असतो, खालून वाकून चालायचं, घड वरून लोंबत असतात. इथे घड गुडघ्याच्या जरा वर, जमिनीलगत, जमिनीची ऊब मिळावी म्हणून. आणि घडांभोवतीची पानं चक्क काढून टाकलेली! आम्ही ऊन लागू नये म्हणून पानं राखतो, वर घडाला पेपर गुंडाळतो, आणि इथे घडाला ऊन दाखवायचं म्हणून पानं काढतात. घडही केवढा, तर मुठीएवढा. मणी बारीक, एकमेकांना चिकटलेले, ना विरळणी ना मणी फुगवायला जीएच्या (जिबरेलिक अ‍ॅसिडच्या) पाण्यात बुडवणं. एक मणी विचारून खाल्ला. साल जाड, बिया दोन-तीन, आणि आंबट! पण त्या आंबटपणात काहीतरी चांगलं होतं, लगेच थुंकावंसं वाटत नव्हतं.

तो आंबटपणाच त्यांना हवा असतो. आमच्याकडे शुगर भरली की नाही यावर सगळं अडलेलं असतं, व्यापारी मीटर लावूनच बोलतो. इथे स्पार्कलिंगसाठी शुगर साधारण तेवढीच लागते पण अ‍ॅसिड खाली जायच्या आत तोडायचं असतं. आपल्याकडे उन्हात अ‍ॅसिड भराभर उतरतं, इथे थंडीमुळे टिकून राहतं. जूनच्या शेवटी फुलोरा आणि तिथून साधारण शंभर दिवसांनी, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये तोडणी. वर्षातून एकच छाटणी, तीही कडाक्याच्या थंडीत वेल झोपलेली असताना. आपली वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, वर काडीवरचे डोळे फुटावेत म्हणून त्यांना औषधाचं पेस्टिंग. हे मी गाइडला सांगितलं तर तो टूर थांबवून मलाच प्रश्न विचारायला लागला, वर्षात दोनदा छाटता म्हणजे नक्की काय करता, मग मी हातानेच काडी दाखवून सांगितलं.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते फ्रॉस्टचं. इथे एप्रिलमध्ये कोंब फुटतात आणि मे अर्धा होईपर्यंत रात्री पारा कधीही शून्याखाली जाऊ शकतो. कोवळा कोंब एका रात्रीत काळा पडतो आणि वर्ष गेलं. २०१७ च्या एप्रिलच्या शेवटी असंच झालं होतं, इंग्लंडमधल्या कितीतरी बागांचं पीक त्या दोन-तीन रात्रींत गेलं. म्हणून बऱ्याच बागांत अशा रात्री ओळींमधून मेणाचे मोठे डबे पेटवतात, शेकडो, आणि माणसं पहाटेपर्यंत जागी राहतात. हे ऐकताना माझ्यासमोर आमची बाग उभी राहिली. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा चार-पाचवर आला की मण्यांना तडे जातात, मग आप्पा आणि काका रात्रभर बांधावर शेकोट्या पेटवून बसतात, पहाटे ठिबक चालू करतात, आई चहा घेऊन जाते. मी लहान असताना मला ती मजा वाटायची. आता विचार केला की आप्पांच्या किती रात्री अशा गेल्या असतील तर घसा दाटतो.

तळघरात बाटल्या बघितल्या. स्पार्कलिंगची पद्धत शॅम्पेनवाल्यांचीच: आधी टाकीत साधी वाइन करायची, मग बाटलीत यीस्ट आणि थोडी साखर घालून बूच लावायचं, म्हणजे बाटलीतच परत आंबतं आणि गॅस आत कोंडला जातो. आतलं प्रेशर कारच्या टायरच्या दुप्पट-तिप्पट होतं. मग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं आडवी ठेवायची, हळूहळू उलटी करून गाळ तोंडाशी आणायचा, मान गोठवून गाळ काढून टाकायचा. हे फ्रेंचांचं म्हणून आपण ऐकतो, पण १६६२ मध्ये क्रिस्टोफर मेरेट या इंग्रज डॉक्टरने रॉयल सोसायटीपुढे लिहून ठेवलं होतं की इथले वाइनवाले साखर आणि काकवी घालून वाइनला फेस आणतात. ज्यांना शॅम्पेनचं श्रेय देतात ते फ्रेंच साधू दों पेरिन्यों मठात आले ते १६६८ ला, म्हणजे नंतर. शिवाय इथे काच कोळशाच्या भट्टीत व्हायची म्हणून बाटल्या दणकट, त्या फुटायच्या नाहीत. (आणि आपल्या नारायणगावच्या शामराव चौगुलेंनी १९८० च्या दशकात ओमर खय्याम नावाची अशीच स्पार्कलिंग बनवून परदेशात पाठवली होती, हे तिथे मी अभिमानाने सांगून आले.)

टेस्टिंगमध्ये तीन ग्लास होते. मला आवडली ग्रीनफिल्ड्स. शार्डोने आणि दोन काळ्या जातींची, पिनो न्वार आणि मुनिए, पण रंग फिकट सोनेरी, कारण काळ्या द्राक्षाचा रस पांढराच असतो, रंग फक्त सालीत. आधी हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा, मग बेकरीत खारीचा ट्रे बाहेर काढल्यावर येतो तसला वास. तो यीस्टच्या गाळावर पडून राहिल्यामुळे येतो म्हणे.

घरी आल्यावर आप्पांना व्हिडिओ कॉल केला. आप्पा माळकरी, आयुष्यात थेंब घेतला नाही, म्हणून वाइनबद्दल काय बोलावं असं वाटत होतं, पण त्यांनी तो विषयच काढला नाही. पहिला प्रश्न, एकरी किती निघतं? म्हटलं चांगल्या वर्षी दोन-तीन टन. आपल्याकडे आठ-दहा टन काढणाऱ्या माणसाला ते पटेना, परत परत विचारलं. मग खुंट, म्हणजे ज्या मुळावर कलम करतात तो, कुठला वापरतात, मी म्हटलं आपला डॉगरीज नाही, चुनखडीत तग धरणारे वेगळे खुंट लावतात. मग तोडणीला माणसं कुठून येतात? म्हटलं रोमानिया, बल्गेरियाकडून बरीच येतात. "म्हणजे आपल्याकडे सुरगाणा-पेठवरून येतात तसं," आप्पा म्हणाले, आणि राहायला त्यांना नीट जागा देतात का, तेही विचारलं. ते मी विचारायला विसरले होते.

फोटो त्यांनी मोठे करकरून बघितले. मग म्हणाले, "घड काय कुणीही बघतं गं. जानेवारीत छाटणी चालू असेल तेव्हा जा, काडी किती डोळ्यांवर कापतात ते बघ आणि मला व्हिडिओ पाठव."

जानेवारीत परत जायचं ठरलंय.