नाही हो, मी थोरली

गिर्यारोहणाच्या सरावाच्या भिंतीवरून उतरून कमरेचा हार्नेस सोडवत असले की कुणीतरी विचारतंच, "घरात तुम्ही शेंडेफळ ना?" मी थोरली म्हटलं की समोरचा जरा हिरमुसतो.

प्रश्न अगदीच हवेतला नाही. फ्रँक सलोवे आणि रिचर्ड झ्वाइगेनहाफ्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये जुने २४ अभ्यास एकत्र करून पाहिले. धोक्याच्या खेळांत उतरण्याची शक्यता धाकट्यांमध्ये जवळपास दीडपट निघाली. बेसबॉलमध्ये फटक्याची वाट न पाहता पुढचा तळ 'चोरायला' पळण्याची शक्यता तर थोरल्या भावापेक्षा धाकट्यात दहापट! दीडपट मला पचतं, दहापट नाही. आणि २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात प्रौढांच्या धोका पत्करण्यावर जन्मक्रमाचा काहीच परिणाम दिसला नाही.

मला विचाराल तर धाकटे शूर नसतात, त्यांच्या वाटणीची भीती आधीच कुणीतरी संपवलेली असते. मी सतरा वर्षांची असताना आई भिंतीपाशी आली, एकेक कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची कडी, स्वतः ओढून पाहिला आणि मी वर असेपर्यंत पाठ फिरवून उभी राहिली. दोन वर्षांनी तेरा वर्षांचा भाऊ हट्ट करू लागला, तर एवढंच म्हणाली, "ताईबरोबर जा."

त्याच्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. खाली दोर मी सांभाळत होते. त्याचा एक पाय भिंतीवर, दुसरा जमिनीवर, आणि माझं लक्ष गाठीकडे गेलं. आठाची गाठ अर्धीच. दोराचं टोक हार्नेसमधून नेलेलं, पण परत गाठीतून ओवलेलंच नाही. ओरडले तशी हसला. "तू बघणारच होतीस की!"

गिर्यारोहक गुंथर मेसनरची गोष्ट वाचताना मला हेच आठवतं. १९७० मध्ये हिमालयातल्या नंगा पर्बतवर त्याचा मोठा भाऊ रेनहोल्ड एकटाच शिखराकडे निघाला होता. ठरलं नसताना गुंथर मागून गेला, भावाला गाठलं, दोघं माथ्यावर पोहोचले. उतरताना गुंथरचा जीव गेला. रेनहोल्डही थोरला नव्हताच, म्हणा. नऊ भावंडांतला दुसरा.

भाऊ आता चाळिशीत आहे. चढायच्या आधी न सांगता गाठ माझ्यापुढे धरतो. मी ओढून बघते. त्याची नजर तोवर वरच्या पकडींवर.