सेडानची मागची सीट, नोंद दुसरी: गादी, ४० बाजूचं लॉक आणि खडखड

या खेपेला गादी निघाली, खालचा पत्रा साफ झाला आणि ६०:४० अशा दोन भागांत दुमडणाऱ्या पाठीतल्या लहान बाजूचं अडकणारं लॉक मोकळं झालं. डिक्कीतली फळी अजून बाकी आहे.

आधी एक खुलासा. चार मीटरच्या आतल्या बहुतेक सेडानमध्ये मागची पाठ पक्कीच असते. तिच्यामागे पत्र्याचा पडदा किंवा आडव्या पट्ट्या असतात आणि बॉडीला पीळ पडू न देण्याचं काम त्या करतात. तो पत्रा कापून सीट फोल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील. त्यांना गाडी देऊ नका. खालचं लॉकचं काम कंपनीतूनच दुमडणाऱ्या पाठीचं आहे. गादी काढायची रीत मात्र पक्क्या पाठीच्या गाड्यांनाही बऱ्यापैकी लागू पडते.

पुढच्या सीट पूर्ण पुढे सरकवा. गादीच्या पुढच्या कडेखाली हात घालून चाचपलं की दोन्ही बाजूंना तारेचा एकेक आकडा लागतो. तो फरशीतल्या प्लास्टिक क्लिपमध्ये रुतलेला असतो. हात बरोबर आकड्यापाशी ठेवून सरळ वर झटका द्यायचा, आधी एक बाजू, मग दुसरी. मधोमध धरून ओढलं तर तारेची चौकट वाकते आणि क्लिप तुटते. नागपुरात जानेवारीच्या सकाळी प्लास्टिक कडक झालेलं असतं, म्हणून हे काम दुपारच्या उन्हात केलेलं बरं. काही गाड्यांत क्लिपऐवजी १० किंवा १२ मिलिमीटरच्या गोटीने (सॉकेटने) सुटणारे बोल्ट असतात, तेव्हा झटका देण्याआधी वाकून बघा.

गादी सुटली तरी लगेच बाहेर ओढू नका. बकलमध्ये बेल्ट रिमाइंडरची वायर असू शकते, काही गाड्यांत गादीतही सेन्सर असतो. इग्निशन बंद ठेवूनच कनेक्टर काढा. पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा समजा: बॅटरीची निगेटिव्ह तार काढून दहा मिनिटं थांबल्याशिवाय हात लावायचा नाही. कनेक्टर सुटा असताना चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागतो आणि फॉल्ट कोड साठून राहतो.

खाली धूळ, संत्र्याच्या बिया आणि उंदराच्या लेंड्या निघाल्या, म्हणून वायरिंगचं वेष्टण हाताने पूर्ण तपासलं. कुठे कुरतडलेलं नव्हतं. फ्युएल पंपाचं झाकण बऱ्याच गाड्यांत इथेच असतं. त्याची कड नीट बसलेली आहे ना, पेट्रोलचा वास येतो का, हे बघूनच पुढे जा.

आता लॉक. डिक्कीतली मूठ ओढली तरी पाठ सुटत नसेल तर आधी पाठीला मागे दाबून मूठ ओढा. सुटली, तर फोमच्या ताणामुळे खटका (लॉकमधला फिरणारा आकडा) आवळला जातोय. नाही सुटली, तर बेल्टची पट्टी कुंडीत (बॉडीवरची कडी, जिला खटका धरतो) अडकली आहे का ते बघा. तेही नसेल तर केबल. इथे केबलचं बाहेरचं आवरण ब्रॅकेटमधून निसटलं होतं. मूठ ओढली की आतली तार खेचली जाण्याऐवजी आवरणच सरकत होतं. ते परत बसवून तारेला दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवली. ढील अजिबात नसली तर खटका पूर्ण मिटत नाही आणि पाठ नीट लागली नसल्याची लाल खूण दिसत राहते. वाळलेलं ग्रीस ब्रशने काढून पांढरं लिथियम ग्रीस लावलं, काडीच्या गुलाएवढंच. इंजिन ऑइल नको. ते पसरतं, धूळ धरतं आणि कापडावर डाग पाडतं.

पाठ उभी करण्याआधी स्क्रूड्रायव्हरने खटका फिरवा. दोन टिक यायला हव्यात, दुसरी आली की खटका पूर्ण लागला. मग मूठ ओढून तो उघडा. मिटलेला ठेवून पाठ आपटली तर तो कुंडीवर आदळून वाकतो.

खडखड कुंडीचीच होती. वायरिंग हार्नेसच्या कापडी टेपचा एकच वेढा पुरला. जाड फेल्ट गुंडाळलं की आवाज जातो खरा, पण दुसरी टिकही जाते, आणि हे धोक्याचं आहे. सामान पुढे येऊ नये म्हणून तीच पाठ मध्ये आड असते. युरोपातल्या आर १७ नियमाच्या चाचणीत पाठीमागे १८ किलोचे दोन ठोकळे ठेवून धडक देतात. समृद्धीवर १२० च्या वेगात डिक्कीत संत्र्यांच्या पेट्या असतील तर अर्धवट लागलेला खटका कामाचा नाही.

बेल्टचा बोल्ट काढलाच असेल तर बहुतेक गाड्यांत तो ७/१६ इंच जाडीचा आणि इंचाला २० आट्यांचा असतो. पहिले तीन-चार आटे हातानेच फिरवा, वाकडा चढला तर बॉडीतला नट जातो. साधारण ४० न्यूटन-मीटरपर्यंत आवळतात. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून घ्या.

गादी परत बसवताना तारेवर राहिलेली क्लिप आधी फरशीच्या भोकात दाबा, मग आकडा तिच्यात. तिन्ही बकल वर आलेली हवीत. आयसोफिक्सच्या (लहान मुलाची सीट अडकवायच्या) दोन कड्यांमधलं अंतर २८० मिलिमीटर असतं. गादी तिरकी बसली की त्यातली एक झाकली जाते, म्हणून दोन्हींना बोट लावून बघा.

पाठ आडवी केल्यावर डिक्कीच्या तळापेक्षा जवळपास नऊ सेंटिमीटर वर राहते. त्या पायरीसाठी १२ मिलिमीटर प्लायची फळी कापायची आहे, स्टेपनीपाशी बिजागरी लावून. सामान बांधायच्या कड्या मोकळ्या राहतील अशा खाचा आधी पुठ्ठ्यावर कापून बघणार.