हमिंगबर्डचा लाल गळा फोटोत आणताना

न्यू जर्सीत घरामागच्या अंगणात हमिंगबर्ड आणणं सोपं आहे. एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, लाल रंग अजिबात नको. एप्रिलच्या अखेरीस मध्य अमेरिकेकडून ते परततात. हे साखरपाणी भरलेला फीडर (पक्ष्यांना पाजायचं टांगतं भांडं) त्याआधी टांगलेला असला की झालं.

मला अडवलं ते नराच्या गळ्याने. शटरचा वेग १/३२०० सेकंद, डोळा रेखीव, चोच रेखीव, आणि गळा काळाठिक्कर. ज्याला विचारावं तो शटरचा वेगच वाढवायला सांगे. एकाने आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवायला सुचवलं, दुकानदाराने महागडी लेन्स. मे गेला, जून गेला, गळा काळाच. उजेड कुठून येतोय, हे एकानेही विचारलं नाही, याचा राग अजून आहे.

त्या पिसांत लाल रंगद्रव्य नसतंच. पिसांमधल्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परततो आणि ठरावीक कोनातूनच लाल दिसतो. कोन चुकला की काळा. आपला जांभळा शिंजीर सावलीत काळा दिसतो आणि उन्हात आला की निळा-जांभळा झळकतो, तेही असंच. पुण्यात जास्वंदीवर ते मी लहानपणापासून बघत आले होते.

म्हणून ऊन आपल्या पाठीशी हवं आणि पक्ष्याचा गळा आपल्याकडे. फीडरवर पिताना तो फीडरकडे तोंड करतो, तिथे हे जमणं कठीण. पण नर फीडरची राखण करतो. जवळच पानं नसलेली एक काटकी उन्हाच्या समोर रोवली, त्यावर आधीच फोकस केला आणि सकाळी पूर्वेला पाठ करून बसले. तो येऊन बसला, मान वळवली आणि गळा पेटला! ३०० मिमीची जुनी लेन्स पुरली.

पंख गोठवायचे असतील तर सावलीत, फ्लॅश १/१६ किंवा त्याहून कमी ताकदीवर ठेवा. तो लखलखाट इतका क्षणिक असतो की सेकंदाला पन्नासेक वेळा हलणारे पंखही थांबलेले दिसतात. फीडरचं एकच भोक उघडं ठेवून बाकीच्यांवर टेप लावली की पक्षी कुठे येणार ते कळतं. आणि हो, उन्हाळ्यात साखरपाणी दर दोन दिवसांनी बदला, आंबतं. मध घालू नका, त्यात बुरशी धरते.

लाल गळा हवा असेल तर जुलै सोडू नका. ऑगस्टपासून नर दक्षिणेला निघतात. मागे राहतात त्या पांढऱ्या गळ्याच्या माद्या आणि पिल्लं.